इनामगावचा रांजण आणि राबणारे हात

पिंपरी-चिंचवड मागे टाकून चाकणला आले की दोन्ही बाजूंना कारखान्यांची रांग लागते. पाळी सुटली की डब्याची पिशवी घेतलेल्या आपल्या आयाबहिणी रस्त्यावर दिसतात. याच चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने पुढे शिरूर तालुक्यात गेले, म्हणजे घोड नदीच्या काठी इनामगाव लागते. गाव साधेच, पण येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली.

घरे सापडली, भांडी भाजण्याची भट्टी सापडली. घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लेकरे सापडली. शिवाय चार पायांचा मातीचा एक रांजण, त्यात बसलेल्या स्थितीत पुरलेला प्रौढ माणूस! असा रांजण चाकावर निघत नाही. हातानेच उभा करावा लागतो. ते हात बाईचे की पुरुषाचे, हे माती सांगत नाही.

आफ्रिकेत अनेक समाजांत मडकी घडवणे हे बायकांचेच काम. चाक नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवायच्या. मडके जागेवर आणि बाई त्याच्याभोवती फिरते. मग गवत-लाकडाच्या उघड्या आगीत भाजायचे. नायजेरियाच्या लादी क्वाली अशाच कुंभारीण. त्यांचे चित्र त्या देशाच्या २० नायराच्या नोटेवर आहे.

आपल्याकडे बाईने माती मळायची, चूल-शेगडी हाताने घडवायची. चाकावर मात्र पुरुषाने बसायचे, अशी रूढी. श्रम तिचे, धंदा त्याच्या नावावर. आणि आपल्या समाजाची मडक्याची आठवण तर वेगळीच आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलन’मध्ये लिहून ठेवले. तहान भागवणाऱ्या मडक्याला जातीने अपमानाचे साधन केले.

वाचकहो, एखादा दिवस काढून मुलांना इनामगाव दाखवा. राजांची नावे त्यांना पाठ असतात. रांजण घडवणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आज कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या लेकीसुनांचे नाव हजेरीपटावर नीट लागते की नाही, हे तरी आपण पाहिलेच पाहिजे. जयभीम!