‘दुकान’ म्हणजे काय? जिंतूरच्या बाजारपेठेपासून कलम 15(2) पर्यंत

आजकाल प्रत्येक तालुक्याच्या गावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो आणि त्यावर जुन्या बाजारपेठेचे गुणगान चालू असते. आमचे जिंतूरही त्याला अपवाद नाही. अमक्याचे किराणा दुकान, तमक्याचे कापड दुकान, तेलाचा घाणा, पहिली पिठाची गिरणी, पहिले हॉटेल, जुनी शाळा आणि छडी मारणारे मास्तर अशी यादी येते. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: “काय दिवस होते! सगळे एका घरासारखे राहायचे. जातपात कुणाला माहीतच नव्हती.”

मी जिंतूरची. समाजशास्त्रात एम.ए. केले आणि गेली दहा वर्षे तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये काम करते. मला या मंडळींना एकच साधा प्रश्न विचारायचा आहे. हे जे ‘सगळे’ आहेत, त्यात कोण कोण मोजले होते? त्या दुकानाच्या पायरीवर कोण चढू शकत होते आणि कोण पायरीखाली उभे राहून हात पसरत होते? दुकानांची यादी सोपी असते. गिऱ्हाइकांची यादी करायला बसलो की गावाचे खरे रूप दिसू लागते.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, चलन हाली सिक्का. जिंतूरला रेल्वे आजही नाही. त्या काळी माल बैलगाडीने यायचा. म्हणजे गावात जे दोन-चार गल्ले होते, तेवढाच बाजार. तिथे नकार मिळाला तर दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. अशा गावात दुकानदाराचा नकार हा एका माणसाचा नकार राहत नाही. तो सगळ्या गावाचा हुकूम होतो.

वस्तीवरच्या एका आज्जीने मला तिच्या लहानपणचा बाजार सांगितला. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. ती म्हणाली, “लेकरा, पैसे खाली ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडायचा न मंग उचलायचा. मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा. कमी भरलं तरी बोलायची सोय नव्हती.” हॉटेलात तिच्या वडिलांची कपबशी बाहेर कुडाला खोचलेली असायची. पिऊन झाल्यावर ती त्यांनीच धुवायची, पैसे मात्र पूर्ण द्यायचे. तिचा भाऊ शाळेच्या ओट्यावर, दाराबाहेर बसून धडे ऐकायचा. मी विचारले, “आज्जी, मग केस कोण कापायचं?” ती हसली. म्हणाली, “मीच की! भावांचे केस मीच कापले. न्हावी कुठून येणार आमच्याकडं?”

कुणी म्हणेल, हा मागासलेल्या संस्थानी मुलखाचा दोष. इंग्रजी अमलात शाळा होत्या, कायदा होता, तिथे असे नसेल. म्हणून आता साताऱ्याकडे पाहू. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव नोंदले गेले. आजचे ते प्रतापसिंह हायस्कूल. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पण त्या गावातले दिवस कसे होते, हे बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात स्वतः सांगून ठेवले आहे. वर्गात एका कोपऱ्यात वेगळे बसायचे. बसायला घरून गोणपाट आणायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे, कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावणार नाही. तहान लागली तर नळ शिपाई उघडणार. शिपाई नसेल तर पाणी नाही.

आणि शाळेबाहेर? साताऱ्यात धोबी होते, न्हावी होते. घरात त्यांना द्यायला पैसेही होते, वडील लष्करातले निवृत्त सुभेदार. तरी धोबी कपडे धुणार नाही आणि न्हावी वस्तरा लावणार नाही. 1901 च्या सुमारास भावंडे वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन गाडी मिळाली. तीही पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे!

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आज आपल्याला सांगितले जाते की बाजार जात विसरायला लावतो, पैशाला जात नसते, खिशात पैसा आला की सगळे दरवाजे उघडतात. साताऱ्याच्या सुभेदाराच्या घरात पैसा होता. मसूरच्या पोरांच्या हातात दुप्पट भाडे होते. आमच्या आज्जीच्या वडिलांनी चहाचे पूर्ण पैसे दिले होते. पैसा स्वीकारला गेला, माणूस स्वीकारला गेला नाही. बाजाराने जातीला हरवले नाही, उलट जातीनेच बाजाराला कामाला लावले.

दुसरी गोष्ट आपल्या चळवळीतही फार कमी बोलली जाते. न्हाव्याने नाकारलेले काम शेवटी कुणी केले? बाबासाहेबांच्या घरी मुलांचे केस थोरली बहीण कापायची आणि कपडे बहिणी धुवायच्या. जिंतूरच्या वस्तीत आज्जीने कापले. गिरणीवाल्याने दळण नाकारले तर जात्यावर आईच बसली. पाणवठा बंद झाला तर लांबच्या ओढ्यावर घागर घेऊन पोरगीच गेली. म्हणजे गावाने आपल्याला जी जी सेवा नाकारली, ती ती सेवा आपल्या बायकांच्या अंगावर कामाचे ओझे होऊन पडली. अस्पृश्यतेचा हा हिशेब कुठल्याच वहीत लिहिलेला नाही. गावाच्या ‘जुन्या आठवणीं’त तर नाहीच नाही.

बाबासाहेबांचे हेच लिखाण पुढे वाचले की नकारांची जणू पूर्ण बाजारपेठच उभी राहते. 1917 साली परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर गेलेल्या माणसाला राहायला खोली मिळत नाही. पारशी पथिकाश्रमात नाव लपवून राहावे लागते आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेले लोक बाहेर काढतात. 1929 साली काठेवाडात एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडते. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. खूप विनवण्या झाल्यावर येतो, पण थर्मामीटर एका मुस्लिम माणसाच्या हातून नवऱ्याकडे आणि नवऱ्याच्या हातून बायकोकडे जाते, आणि त्याच वाटेने परत येते. ती बाई वाचली नाही. 1934 साली आपल्याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यावर, बाबासाहेब आणि सहकारी हौदावर हातपाय धुतात आणि पाणी बाटवल्याचा गलका होतो. तिथे ओरडणारे मुस्लिम होते. हिंदूंना जो अस्पृश्य तो इतरांनाही अस्पृश्य, हा अनुभव बाबासाहेबांनी त्यावरून नोंदवला. शेवटी गडावर सोडले, पण पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन.

न्हावी, धोबी, गाडीवान, खानावळ, डॉक्टर, पाणी, शाळा. हे सगळे वेगवेगळे प्रसंग नाहीत. हा एकच प्रश्न आहे: जो माणूस आपली सेवा सर्वांसाठी खुली आहे म्हणून बसला आहे, त्याला आम्हालाच नाही म्हणण्याचा अधिकार कुणी दिला?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आणायला बाबासाहेबांना किती वर्षे लढावे लागले ते पाहा. 4 ऑगस्ट 1923 चा सी. के. बोले यांचा मुंबई कायदेमंडळातला ठराव पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करणारा होता. पण तो सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी देखरेखीखालच्या जागांपुरता होता. त्याच्याच आधाराने 20 मार्च 1927 रोजी महाडचे चवदार तळे गाठले गेले. खाजगी गल्ला मात्र ठरावाबाहेरच राहिला. आणि महारांनी पाण्याला हात लावला की गाव नेमका हाच गल्ला बंद करायचा: किराणा बंद, मजुरी बंद, रस्ता बंद. बहिष्कार हे गावाचे सर्वांत मोठे हत्यार होते.

म्हणून 1930 साली गोलमेज परिषदेपुढे रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह ठेवलेल्या संरक्षणाच्या योजनेत बाबासाहेबांनी दोन परदेशी कायद्यांचा आधार घेतला. बहिष्काराला गुन्हा ठरवण्यासाठी ब्रह्मदेशचा 1922 चा बहिष्कारविरोधी कायदा, आणि समान वागणुकीसाठी अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी केलेले 1866 आणि 1875 चे कायदे. 1875 च्या कायद्याने खानावळी, वाहने, नाट्यगृहे सर्वांना खुली केली होती. पण 1883 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण काय, तर समतेची घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसाला नाही! त्यानंतर दक्षिणेकडच्या प्रत्येक अमेरिकन गावात दोन नळ, दोन बाकडी, दोन शाळा अशी दोन दोन गावे वसली. 1 फेब्रुवारी 1960 रोजी ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वूलवर्थच्या दुकानात वस्तू विकत मिळाल्या, पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर कॉफी मिळाली नाही. आमच्या आज्जीला हे सांगितले तर तिला समजवावे लागणार नाही.

आता भारताचे संविधान उघडा. कलम 15 चे पहिले उपकलम राज्याला बांधते. दुसरे उपकलम दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावे घेते आणि तिथे जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणावरही बंधन घालायला मनाई करते. म्हणजे 1883 मध्ये अमेरिकेत जी फट राहिली, ती आपल्या संविधानाने बुजवली. अमेरिकेला त्यासाठी 1964 चा नागरी हक्क कायदा येईपर्यंत थांबावे लागले.

29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा ‘दुकान’ या शब्दात काय काय येते असे सदस्यांनी विचारले. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द संकुचित अर्थाने घेतलेला नाही. येणाऱ्या कोणालाही सेवा द्यायला जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. न्हावी त्यात आला, धोबी त्यात आला. डॉक्टर-वकिलाबद्दल विचारल्यावरही उत्तर तेच: सेवा देणारा प्रत्येक जण. जिंतूरच्या पायरीखाली उभ्या असलेल्या माणसासाठी आणि साताऱ्याच्या त्या थोरल्या बहिणीसाठी हा एक शब्द इतका रुंद केला गेला, असे मला वाटते. 1955 च्या कायद्याने पुढे अस्पृश्यतेपोटी वस्तू विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणे हा गुन्हा ठरवला. आणि 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने याच व्यापक अर्थाचा आधार घेऊन खाजगी शिक्षणसंस्थाही कलम 15(2) च्या ‘दुकाना’त मोडतात असे म्हटले. गोणपाटावर बसलेल्या पोराची शाळा अशी त्या शब्दात आली.

मग आज प्रश्न संपला का? मी एम.ए. साठी शहरात गेले तेव्हा एका दारावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी होती. घरमालकाने चहा विचारला, गाव विचारले, मग आडनाव विचारले. मग म्हणाले, “काल एकांना शब्द दिला, बाई.” पाटी पुढचे तीन आठवडे तिथेच होती. पाणी शिंपडून पैसे उचलणे बंद झाले, आता आडनाव विचारून चहा पाजतात. जो पाटी लावून सर्वांना बोलावतो, त्यालाही बाबासाहेबांची व्याख्या लागू झाली पाहिजे. ही लढाई आपल्या पिढीची आहे.

10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला, कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. काही जण विचारतात, एका काचेच्या पेटीसाठी एवढा संताप कशाला? त्यांना सांगा, त्या पेटीत ‘दुकान’ नावाचा एक शब्द आहे, आणि आमच्या आज्ज्या ज्या पायरीखाली उभ्या होत्या ती पायरी त्या शब्दाने आम्हाला चढायला दिली.

तरुण मित्रांनो, म्हणून आपल्या वस्तीवरच्या ऐंशीच्या घरातल्या माणसांकडे येत्या रविवारी जा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. विचारा: पैसे हातात घ्यायचे की खाली ठेवायला लावायचे? कपबशी कुठे असायची? केस कोण कापायचे? दळण कुठे व्हायचे? बाळंतपणाला कोण यायचे? शाळेत कुठे बसलात, पाणी कसे प्यायलात? सामान उधार मिळायचे का, आणि बहिष्कार पडला तेव्हा कुठून आणले? उत्तरे लिहा, सांगणाऱ्याला परत वाचून दाखवा. बायकांना आधी विचारा, कारण नाकारलेल्या प्रत्येक सेवेचे काम त्यांनीच केले आहे.

ही माणसे आता थोडी उरली आहेत. ती गेली की फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवरचा बाजार उरेल आणि आपली लेकरे तोच खरा समजतील. गावाचा इतिहास गल्ल्याच्या आतून पुष्कळ लिहून झाला. आता तो पायरीखालून लिहायचा आहे.

जय भीम!