‘बरं झालं’ म्हटल्यानंतर

बदलापूरला राहायचं आणि कल्याण कोर्टात फौजदारी वकिली करायची, म्हटल्यावर २४ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी लोकलमध्ये गप्प बसायची सोय नव्हती. आदल्या संध्याकाळी मुंब्रा बायपासजवळ, पोलिसांच्या गाडीत, आमच्या गावच्या शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यातला आरोपी गोळी लागून मेला होता. त्यानं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून आम्ही झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. लेडीज डब्यात पेढ्यांचा पुडा फिरत होता. “वकीलबाई, आज कायदा नको हं,” पुडा पुढे करत एकजण म्हणाली.

पेढा मी घेतला नाही, पण तिला नावंही ठेवली नाहीत. महिन्यापूर्वी, २० ऑगस्टला, याच अत्याचाराविरुद्ध गाव गाड्या रोखून धरत होतं, तेव्हा ती रुळांवर बसलेली मी पाहिली होती. त्या दिवशीचा निम्मा राग आरोपीवर होता आणि निम्मा पोलिसांवर. एवढ्याशा पोरींच्या आईबापांना तक्रार द्यायला ताटकळत ठेवलं म्हणून. मला कोडं पडलं ते इथेच. साधी तक्रार वेळेवर लिहून घेतील एवढाही ज्यांचा भरवसा आम्हाला वाटत नव्हता, त्यांना महिन्याभरात आम्ही न्यायाधीश आणि जल्लाद दोन्ही करून टाकलं. बंद गाडीत काय घडलं, याबद्दलही त्यांचाच शब्द प्रमाण मानला.

“तो त्याच लायकीचा नव्हता का?” डब्यातला प्रश्न एवढाच होता. कायदा तो विचारतच नाही. तो विचारतो, त्या क्षणी जीव वाचवायला दुसरा मार्ग होता का? पोलिसांना जीव घेण्याचा वेगळा परवाना नाही. स्वसंरक्षणाचा हक्क तुम्हाआम्हाला आहे तोच त्यांना. अटक करताना बळ वापरता येतं, पण ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा त्यात जीव घेता येत नाही. आरोप तेवढा गंभीर असला, तरी बळ गरजेपुरतंच.

कोणीतरी हैदराबादचा दाखला दिला. २०१९ मध्ये तिथे चार आरोपींना मारल्यावर लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती. सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या विदर्भातले. २०२२ मध्ये आयोगाचा निष्कर्ष आला, की गोळ्या जीव घेण्याच्या हेतूनंच झाडल्या होत्या आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. चौघांपैकी तिघं घटनेच्या वेळी अल्पवयीन होते, असंही त्यात होतं. फुलांचा व्हिडिओ डब्यात सगळ्यांनी पाहिला होता. अहवालाबद्दल कोणी ऐकलेलं नव्हतं.

माझे मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. मानवाधिकारवाल्यांवर त्यांचा जुना राग. “चॉपर उगारून अंगावर येतो ना गं कोणी, तेव्हा दोन सेकंद असतात. त्याच दोन सेकंदांचा कीस पाडायला तुमच्या कोर्टाला वर्षं मिळतात.” हे मला मान्य आहे. अशा वेळी झाडलेली गोळी योग्य असू शकते, आणि अंदाज चुकला तरी तो खून ठरतोच असं नाही. पण मुंब्र्याच्या बातमीवर मामांच्या कपाळाला आठ्या पडल्या. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळून त्यांनी मला दाखवलं: रिव्हॉल्व्हरच्या मुठीला कडी, कडीत दोरी, दोरीचं दुसरं टोक खांद्याला, निघण्याआधी हिसका देऊन बघायचं. “हत्यार गेलं की इज्जत गेली. याच्या हाताला ते लागलंच कसं?” थोड्या वेळानं म्हणाले, “तुकाराम ओंबळेंनी कसाबला जिवंत धरला. हातात नुसती काठी होती.”

दोनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयानंही असेच प्रश्न केले: गाडीतल्या पोलिसांना एक माणूस आवरला कसा नाही, आणि गोळी हातापायाऐवजी डोक्यात का? जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालानं वापरलेलं बळ असमर्थनीय ठरवून पाच पोलिसांना जबाबदार धरलं. या गोळीबाराच्या बरोबर दहा वर्षं आधी, २३ सप्टेंबर २०१४ लाच, सर्वोच्च न्यायालयानं चकमकींसाठी नियम घालून दिले होते. तो खटलाही मुंबईचाच: १९९५ ते १९९७ मधल्या सुमारे ९९ चकमकी, १३५ च्या आसपास मृत्यू. गुन्हा नोंदवा, तपास सीआयडीला किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याला द्या, शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, लगेच बढत्या आणि शौर्यपदकं देऊ नका. यातला एकही नियम गोळी झाडणाऱ्याचा हात धरत नाही. नंतर खरंखोटं कळावं, एवढंच तो मागतो.

तरी डब्यातल्या बायकांना मी निरुत्तर केलं, असं म्हणवत नाही. पोक्सोच्या एका खटल्यात मी मुलीच्या बाजूनं उभी आहे. तिची आई दर तारखेला विचारते, “मॅडम, अजून किती?” खटला शक्यतो वर्षात संपवावा, असं पोक्सो कायद्यातच लिहिलंय. घटना घडली तेव्हा मुलगी पहिलीत होती, आता पाचवीत आहे. एन्काउंटरविरुद्ध माझ्याकडे कलमं भरपूर. या बाईपुढे त्यातलं एकही चालत नाही. गोळीला मिळणाऱ्या टाळ्या इथून येतात.

पण गोळीनं बदलापूरच्या मुलींना काय मिळालं? आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. त्यानं गुन्हा केला, असं पुरावे तपासून सांगणारा निकाल त्यांना आता कधीच मिळणार नाही. गाड्या तासन्‌तास रोखून धरण्याची ताकद आमच्या गावात आहे, हे २० ऑगस्टला दिसलं. ती एकदा कोर्टाच्या तारखांसाठी वापरायला हवी.