एकोणीसचा पाना

गाडीच्या बिलाच्या तळाशी, जिथे एरवी पुन्हा भेट देण्याची आर्जवी विनंती छापलेली असते, तिथे माझ्या एका बिलावर हाताने लिहिलेला शेरा आहे. शेरा इंग्रजीत आहे. त्याचा मजकूर इतकाच की, ग्राहकाने अयोग्य हत्यार वापरल्यामुळे चाकाचे नट खराब झाले असून त्यांची भरपाई वॉरंटीत बसत नाही. रक्कम क्षुल्लक होती आणि मी ती कुरकुरत का होईना, भरली. तो कागद मात्र अद्याप जपून ठेवला आहे, आणि माझ्या घरी आज जी हत्यारांची पेटी आहे तिचा उगम त्या कागदात आहे.

हकीकत थोडक्यात अशी. सर्व्हिसिंगच्या वेळी पुढची चाके मागे आणि मागची पुढे बसवून गाडी घरी आली. लगेच सहकुटुंब साताऱ्यास जाताना, खंबाटकीचा घाट ओलांडून वेळे गाव येण्याच्या सुमारास, मागचे डावे चाक बसले. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, गाडीबरोबर कंपनीनेच दिलेला वाकडा पाना होता, आणि चाक बदलण्याचे शिक्षण तर वडिलांनी आमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीवर मला लहानपणीच दिले होते : गाडी उचलण्यापूर्वी, चाक जमिनीवर टेकलेले असतानाच, नट अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. त्याप्रमाणे जोर केला. नट हलला नाही. पान्यावर उभा राहिलो. तरी हलला नाही. पुन्हा उभा राहिलो तेव्हा पाना कर्कश आवाज करून निसटला आणि नटाच्या सहा कोनांपैकी दोनांवर ताज्या धातूची चकचकीत रेघ उमटली. अखेर एका ट्रकचा क्लीनर आपला पाना आणि त्यावर चढवायचा लोखंडी पाइप घेऊन उतरला आणि त्याने चारही नट सोडवले; शेवटच्याचे मात्र आटे गेले. "काका, गननं मारल्यात," एवढेच निदान करून, पैसे न घेता, तो निघून गेला.

परत आल्यावर मी त्या वर्कशॉपमध्ये गेलो तो भांडायला नव्हे. हवेच्या गनने नट प्रमाणाबाहेर आवळले जातात, त्याने स्टड ताणले जातात, आणि पुढच्या वेळी एखादी बाई एकटी गाडी चालवत असली तर ती रस्त्यातच अडकून पडेल, एवढे नजरेस आणून द्यावे हाच माझा उद्देश होता. वातानुकूलित खोलीत मला कॉफी मिळाली. समोरच्या तरुण अधिकाऱ्याने माझे म्हणणे अत्यंत अदबीने ऐकून घेतले आणि विचारले, "सर, तुम्ही कुठला पाना वापरला?"

"गाडीतला."

"तो फक्त इमर्जन्सीसाठी असतो, सर."

घाटाखाली, भर उन्हात, चाक बसलेले असताना जी होती ती इमर्जन्सी नव्हे तर काय होते, या माझ्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. किती जोराने नट आवळावेत याचे मोजमाप करणारा टॉर्क रेंच आपल्याकडे आहे का, असे विचारताच त्याने मोठ्या अभिमानाने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवले. रेंच होता, आणि त्याच्यावरचे प्लास्टिकचे वेष्टण अजून काढलेले नव्हते. हे मी त्याला दाखवले. तो हसला, आणि हसत हसतच त्याने तो शेरा लिहिला. ज्याने नट आवळला तो निर्दोष, ज्याने अपुरा पाना दिला तो निर्दोष, आणि ज्याने दिलेला पाना दिलेल्या कामासाठी वापरला तो तेवढा अपराधी, हा न्याय मला आजही पचलेला नाही. जुन्या काळी मामलेदार कचेरीत रयतेचा अर्ज फेटाळताना निदान कारणे तरी बरी शोधीत असावेत.

घरी येऊन मी हिशेब मांडला. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत नट आवळण्याचे प्रमाण 85 न्यूटन-मीटर दिले आहे. पाना 25 सेंटीमीटर लांबीचा धरला, तर त्याच्या टोकाशी सुमारे 35 किलोचा भार पडला की असा नट सुटावा. हे म्हाताऱ्या माणसालाही जमण्यासारखे आहे. तोच नट गनने 300 न्यूटन-मीटरपर्यंत आवळला, तर त्याच पान्यावर 120 किलोच्या आसपास भार लागतो, आणि माझे वजन 64 किलो आहे. दांडा 60 सेंटीमीटरचा असला तर मात्र 50 किलोंत काम भागते. क्लीनरच्या पाइपाचे शास्त्र ते एवढेच.

हा हिशेब खिशात घेऊन मी पुण्याच्या बोहरी आळीत गेलो, तरी माझी नजर गेली ती ब्रीफकेससारख्या उघडणाऱ्या, 108 नगांच्या झगमगीत पेटीवर. वयोवृद्ध दुकानदाराने ती माझ्यापुढे ठेवली आणि शांतपणे विचारले, "साहेब, तुमच्या गाडीला 108 तऱ्हेचे नट आहेत?" मग त्याने त्या पेटीतली, माझ्या चाकाच्या नटांच्या मापाची, एकोणीस नंबरची गोटी (म्हणजे सॉकेट) काढली आणि तिच्याशेजारी सुटी मिळणारी दुसरी, जाड, काळी गोटी ठेवली. पहिलीच्या आत बारा कोन, दुसरीच्या आत सहा. बारा कोनांची गोटी नटावर पटकन बसते, पण ती नटाला कोनांपाशीच धरते. सहा कोनांची गोटी त्याच्या सपाट बाजूंना भिडते, म्हणून झिजलेला नटही तिच्यातून सहसा निसटत नाही. गोटी बसवायचा चौक अर्ध्या इंचाचा घ्या, दांडा लांब घ्या, बाकीचे हळूहळू घ्या, असा त्याचा सल्ला होता, आणि सर्व्हिसिंगच्या आजवरच्या कोणत्याही बिलाने मला इतके ज्ञान दिलेले नाही.

त्यानंतर पेटी सावकाश भरत गेली. दहा-अकरापासून सोळा-सतरापर्यंतचे जालंधरचे रिंग पाने आले. त्यांतला दहाचा सर्वांत उपयोगी, कारण बहुतेक गाड्यांच्या बॅटरीचे टर्मिनल त्यानेच सुटतात, आणि हरवतोही तोच. पक्कड आणि डिसमिस घरात होतेच. हवा मोजण्याचा गेज, 12 व्होल्टवर चालणारा छोटा पंप आणि एक साधा मल्टीमीटर घेतला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या जवळपास दाखवते आणि 12 च्या खाली उतरली की ती चार्ज करून घ्यावी, इतके कळले तरी सकाळी ऑफिसच्या वेळेची पुष्कळ तारांबळ वाचते. ज्यांना गाडीखाली शिरण्याची हौस आहे त्यांनी आधी उचललेली गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्यांची जोडी घ्यावी आणि मग पान्यांचा विचार करावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली डोके घालणे हा शुद्ध आत्मघात आहे. टॉर्क रेंच महाग वाटतो, पण ठरवलेल्या मापाला त्याचा 'कट्' असा आवाज झाला की नट एकाआड एक, समोरासमोरचे, सारख्या जोराने आवळल्याचे जे समाधान मिळते त्याला मोल नाही.

त्या 108 नगांच्या पेटीची मी चारचौघांत यथेच्छ निंदा केली. पुढे मुलाने माझ्या वाढदिवसाला नेमकी तीच आणली. तिच्यातली पाव इंची छोटी रॅचेट आज घरात सर्वांत जास्त वापरली जाते, गाडीला कमी आणि सायकली-पलंगांना अधिक. ब्रेकच्या कामाला मी हात लावत नाही. त्यासाठी अजूनही त्याच वर्कशॉपमध्ये जातो, कारण ते जवळ आहे आणि तिथल्या ब्रेकच्या कामगाराचा हात, त्याच्या साहेबाच्या लेखणीपेक्षा, फारच प्रामाणिक आहे.

वाचकांना एकच विनंती. सर्व्हिसिंगमध्ये चाके काढली असतील तर गाडी ताब्यात घेताना, वर्कशॉपच्या आवारातच, चाके जमिनीवर असताना, एकेक नट स्वतः सैल करून पुन्हा आवळून पाहावा, आणि मग त्यांच्या टॉर्क रेंचने तपासून द्या म्हणावे. लोक हसतील, मागे हॉर्न वाजतील, वाजू द्यावेत. या परीक्षेसाठी पाना मात्र गाडीतलाच वापरावा.