आदत

मोटारसायकल या विषयात माझा अधिकार म्हणाल तर एवढाच, की तिच्यावर मागे बसताना मी डोळे मिटून घेतो. तरीही गेल्या उन्हाळ्यात मंचरजवळच्या आमच्या गावाहून थोरल्या दादाचे बोलावणे आले, "पोराच्या शर्यतीचं काय ते येऊन ठरव. तू शिकलेला!" मराठीचा एम्. ए. सर्वज्ञ असतो, असा आमच्या घरात जुना समज आहे.

जुन्नरहून एस्. टी. ने गेलो. पुतण्या पंधरा वर्षांचा. मातीच्या मार्गावरच्या शर्यतीत उतरायचे म्हणून अर्ज घेऊन बसलेला. एक वर्ग नवशिक्यांचा, दुसरा २५० सीसीच्या दांडग्या परदेशी गाड्यांचा. कोणा मित्राची तसली गाडी मिळत होती. खाली पालकाची सही हवी.

"मोठ्याच वर्गात घाल," दादा म्हणाला. "आपल्या घरचं पोर नवशिक्यांत पळालं तर घाटात तोंड कसं दाखवू?"

आमचे घर बैलगाड्याचे, हे सांगायला हवे. जुन्नर-आंबेगावकडे यात्रेत चार बैल हलका गाडा घेऊन घाटाचा चढ चढतात. गाड्यात हाकणारा नसतो, पुढे घोडीस्वार धावतो आणि निकाल सेकंदांवर लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा घटनापीठाने ग्राह्य धरला. मधल्या काळात दादाने बैल पोसले, पण विकले नाहीत. असा माणूस कमीपणा कसा सोसणार?

मीही वाचून गेलो होतो. आपल्याकडे रस्त्यावर गिअरची गाडी चालवायला अठरा वर्षे पुरी लागतात. २०२१ या एका वर्षात युरोपातल्या शर्यतींत विशीच्या आतले तीन स्वार दगावले. त्यानंतर जागतिक शर्यतींच्या मोटो-३ वर्गाचे किमान वय २०२३ पासून अठरा केले गेले. हे सारे मी वर्गात शिकवावे तसे सांगितले. दादाने वर्गातल्या मुलांप्रमाणेच जांभई दिली. वहिनी काही बोलल्या नाहीत. भाकरी थापण्याचा आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा येत होता.

मला माझे लहानपण आठवले. मी हुशार म्हणून वडिलांनी मला एकदम एक इयत्ता पुढे बसवले. गावभर कौतुक झाले. पण त्या वर्षी अपूर्णांक जे हुकले ते आजतागायत. वाण्याचे बिल मी अजून सौभाग्यवतीकडून तपासून घेतो. अपूर्णांक हुकला तर चार पैसे जातात. वळण हुकले तर?

संध्याकाळी दादा गोठा दाखवायला घेऊन गेला. कडेला एक देखणा पांढरा खोंड बांधलेला होता. कान टवकारलेले, एका जागी उभा राहीना.

"हा यंदा घाटात पळणार का?" मी सहज विचारले.

दादाने त्याचा खालचा ओठ खाली ओढून दात दाखवले. "आदत आहे अजून. दुधाचे दात पडायचेत. दोन दाती होऊ दे, मग बघू. आत्ताच मोठ्यांच्या बरोबरीनं जुंपला तर उरी फुटेल. नाहीतर भ्याला तर जन्मात पळायचा नाही."

बोलता बोलता तो थांबला. खोंडाच्या पाठीवरचा हात तसाच राहिला. मीही गप्प बसलो. मास्तराला हे क्वचितच जमते.

जेवणानंतर त्याने अर्ज मागवला आणि नवशिक्यांच्या वर्गापुढे सही केली. पोराचे तोंड एवढेसे झाले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

शर्यतीत त्याचा सातवा नंबर आला. घरी आला तो आपल्या पायांनी, चिखलाने माखलेला. "काका, तिसऱ्या वळणावर चुकलो. पुढच्या वेळी नाही चुकायचो!"

वहिनींनी त्याच्यावरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. दादा मात्र दूध काढायला निघून गेला. जाताना पुटपुटला, "सातवा! पहिल्याच बारीला वाईट नाही."