वेळासच्या किनाऱ्यावरची राखण

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडहून एस.टी. बाणकोटच्या दिशेने निघाली की घाटउतारानंतर सावित्री नदीची खाडी दिसू लागते. बाणकोटच्या किल्ल्यापलीकडे वेळास हे छोटे गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यापुढे मोकळी पुळण.

थंडीच्या दिवसांत या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या रात्री येतात. मागच्या पायांनी वाळूत खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. पुढे पन्नासेक दिवस अंड्यांना ऊब वाळूची; राखण मात्र कोणाचीच नाही. कोल्हे-कुत्रे ती उकरत, आणि माणसेही खाण्या-विकण्यासाठी नेत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण आहे. पण काळोख्या किनाऱ्यावर पहारा कोण देणार? २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने येथे काम सुरू केले ते गावकऱ्यांनाच हाताशी धरून. गावचीच माणसे पुळणीवर फिरून मादीचा माग काढू लागली. अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून पुरायची, पिल्ले निघाली की पाण्याजवळ सोडायची, हे काम त्यांनी अंगावर घेतले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे घरोघरी उतरू लागले, जेवणाखाण्याचे चार पैसे घरात येऊ लागले. अंडे विकण्यापेक्षा पिल्लू जगवणे परवडू लागले.

समुद्रातही धोका आहेच. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकले तर गुदमरून मरते. जाळे कापावे तर गरीब मच्छीमाराचे नुकसान. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. नुसत्या दंडाच्या धाकाने प्राणी वाचत नाहीत. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो, त्याची सोय आधी पाहावी लागते.

वाचकहो, मार्च-एप्रिलमध्ये मुलाबाळांना घेऊन वेळासला जरूर जा. आधी चौकशी करा, कारण पिल्ले रोजच निघतात असे नाही. पिल्लांना हात लावू नका, अंधारात बॅटरी पेटवू नका. उजेडाने ती वाट चुकतात. आणि उतरा गावातल्याच घरी. त्या पैशातही कासवाची राखण आहे.