घर पाहावे मुलांच्या पायांनी

बदलीच्या नोकरीत मी सात बिऱ्हाडे केली. प्रत्येक वेळी घर निवडताना एकच प्रश्न विचारला : शाखेपासून अंतर किती? एका गावी शाखेजवळ प्रशस्त घर मिळाले. परंतु ते गोदामांच्या रांगेत होते. आसपास खेळायला एकही मूल नव्हते. पाचवीत शिकणारी माझी मुलगी दोन वर्षे खिडकीत बसून हातगाड्या मोजत राहिली. तिने तक्रार केली नाही आणि मी विचारले नाही. पुष्कळ वर्षांनी हे तिने सहज सांगितले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गेल्या डिसेंबरात भाच्याचा फोन आला. "मामा, पुण्यातील भाड्याचे दुकान सोडून शिरूर किंवा दौंडला जाण्याचा विचार आहे. तुम्ही आयुष्यभर गृहकर्जांची कागदपत्रे तपासलीत, घर पाहायला बरोबर या." मी एकच अट घातली : मुलांनाही घ्यायचे. थोरली अकरा वर्षांची, धाकटा सहा वर्षांचा.

पहिल्या दिवशी आम्ही शिरूरला गेलो. नगर रस्त्याने वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव मागे टाकून साधारण ७० किलोमीटर. घोड नदीच्या काठचे हे गाव घोडनदी या नावानेही ओळखले जाते. नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे या पट्ट्यात अवजड वाहनांची ये-जा अखंड असते. दलालाने प्रथम मोठ्या रस्त्यालगतची सदनिका दाखविली. खोल्या ऐसपैस, दर वाजवी. मी मुलीला म्हटले, "येथून शाळेपर्यंत तू पुढे चाल, आम्ही मागून येतो." रस्ता ओलांडण्यासाठी ती किती तरी वेळ उभी राहिली. शेवटी मागे वळून तिने वडिलांकडे पाहिले. ते पाहणे भाच्याला पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी दौंड. भीमाकाठचे हे गाव रेल्वेने घडविले. १८७८ मध्ये मनमाडचा लोहमार्ग सुरू झाला आणि दौंड मोठे जंक्शन झाले. मालाची आवक-जावक आणि पुण्याला जाण्यासाठी गाड्या पाहता व्यापाऱ्याचे मन येथेच रमावे. 'स्थानक' कोठे असे विचारताच एका सद्गृहस्थाने आम्हांला फलाटाचा रस्ता दाखविला, तेव्हा मुले पोट धरून हसली. मात्र रुळांमुळे गावाचे दोन भाग पडले आहेत. पाहिलेले दुकान एका बाजूला, मनात भरलेले घर दुसऱ्या बाजूला, मध्ये कुरकुंभ मोरी. तेथील गर्दीत धाकट्याने आईचा हात घट्ट धरला तो सोडला नाही. दौंडला राहायचे तर घर, शाळा आणि दुकान रुळांच्या एकाच बाजूला हवे, एवढे आम्ही मनाशी नोंदविले.

कागदपत्रांचा आग्रह मी सोडत नाही. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि नव्या मोठ्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावीच. घोड आणि भीमा या नद्यांजवळ घर असेल, तर निळी व लाल पूररेषा विचारावी. परंतु हे सारे निर्दोष असूनही घर मुलांसाठी चुकीचे ठरू शकते. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा १ किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत असावी असे माप आहे. सरकारने शाळेसाठी मानलेले हे माप आपण घरासाठी का मानू नये?

आपल्या घरांत आणखी एक हिशेब असतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाळा साडेपाचला सुटत असेल आणि घरी यायला पाऊण तास लागत असेल, तर मुलांचा चौविहार पाळला जाणे कठीण. मग मुले नियम मोडतात असे म्हणून आपण त्यांना दोष देतो. खरा दोष घर निवडणाऱ्याचा असतो.

शेवटी शिरूरच्या जुन्या वस्तीतील एका गल्लीत घर ठरले. दोन खोल्या कमी, जिना अरुंद, गाडी लावायला जागा नाही. पण गल्लीत संध्याकाळी मुले लगोरी खेळत होती आणि ओट्यावर बसलेल्या आजींनी आमच्या मुलांना नावे विचारली. शाळा आणि धर्मस्थानक चालत जाण्याच्या अंतरावर. लगेच खरेदी न करता अकरा महिन्यांचा भाडेकरार करावा, हा माझा सल्ला भाच्याने मानला. एक पावसाळा, एक परीक्षा आणि एक चातुर्मास तेथे काढल्यावरच त्या वस्तीची खरी ओळख होईल.

निघताना थोरली दिसेना. शोधले, तर ती लगोरीच्या डावात सामील झाली होती. भाचा तिला हाक मारू लागला. मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "एक डाव होऊ दे."