उन्हाळ्याच्या सुट्टीतली पत्रं

आपल्या मराठीच्या वर्गात मी मुलांना एक सोपा निबंध लिहायला दिला होता, 'माझी उन्हाळ्याची सुट्टी'. आमच्या काळी शाळा सुरू झाली की जूनमध्ये हा विषय ठरलेलाच असे. वर्गातली एक मुलगी सैन्यातली सेवा संपवून आता विद्यापीठात शिकते. तिने लिहिलं, "परीक्षा जुलैत संपल्या. मी सुपरमार्केटमध्ये काम करते. दुपारी झोपते. संध्याकाळी समुद्रावर जाते. सुट्टीत काही घडत नाही."

पाचही वाक्यं शुद्ध होती. लाल पेन चालवायला जागाच नव्हती. वही परत देताना ती म्हणाली, "आजी, तुम्ही कॉलेजात होता तेव्हा सुट्टीत काय करायचा?" मी म्हटलं, सांगते, पण लिहून सांगते. आमच्याही सुट्टीत काही घडत नसे. एका सुट्टीत मात्र घडलं, आणि त्यात चूक माझी होती.

ते साल 1969. मी इंटर आर्ट्सची परीक्षा दिली होती. आम्ही तेव्हा माझगावला चाळीत राहत होतो. मैत्रिणींनी सुट्टीचे बेत केले होते, मॅटिनी बघायची, ग्रंथालयातून रोज एक कादंबरी आणायची. आणि वडील म्हणाले, "रेवदंड्याला जा. आजी एकटी आहे. पावसाच्या आधी कौलं चाळून घ्यायची, आगोटीची तयारी करायची, तिला हाताशी माणूस हवं." मी तोंड फुगवून बसले. तेव्हा हळूच म्हणाले, "उद्या आपणही इस्राएलला गेलो, तर मग कुठली आजी नि कुठलं रेवदंडा?"

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, तिथून एस.टी.ने अलिबाग, आणि अलिबागहून पुन्हा एस.टी. बदलून रेवदंडा. ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. खाली उतरले तेव्हा आजी लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन रस्त्यावरच उभी होती. म्हणाली, "काय गो, किती ही वाळलीस!"

रेवदंडा म्हणजे एका बाजूला समुद्र, एका बाजूला कुंडलिकेची खाडी आणि मधे नारळी-पोफळीच्या वाड्या. बेथ एल सिनेगॉग आमच्या घरापासून जवळच होतं. जुनी माणसं त्याला 'मशीद'च म्हणत. आपल्या लोकांची गलबतं जिथे फुटली असं आपण मानतो ते नवगाव तिथून फार लांब नाही. त्या सगळ्या पट्ट्यात शनवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून आपल्याला 'शनवार तेली' म्हणायचे. पण मी गेले तेव्हा आळीतली निम्मी घरं बंद होती. कुणी मुंबईला, कुणी इस्राएलला. शब्बाथला दहा पुरुष जमवायचे म्हणजे शेजारच्या चौलहून कुणी येतंय का, याची वाट बघत बसावं लागे.

माझे दिवस सारखेच जात. पहाटे विहिरीचं पाणी, मग तांदळाची भाकरी आणि चहा. त्यानंतर रातांबे. ते फोडायचे, बिया काढायच्या, सालींना त्यांच्याच रसाची पुटं द्यायची आणि उन्हात वाळवायच्या, अशी आमसुलं करताना दोन्ही हात लाल होऊन जात. दुपारी पडवीत पुस्तक घेऊन पडायचं. शुक्रवारी संध्याकाळी आजी खोबरेल तेलाचा दिवा लावी, मनुका भिजवून केलेल्या सरबतावर किद्दूश होई. पहिल्या आठवड्यातच मी मैत्रिणीला लिहिलं, 'इथे काहीही घडत नाही.'

दुसऱ्या आठवड्यात समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या बाई आल्या. आळीतले सगळे त्यांना 'बाय' म्हणत, म्हणून मी 'बायआजी' म्हणायची. त्यांनी पदराखालून पत्र्याचा डबा काढला. आत तीन निळी एरोग्रामं होती, वर हिब्रू छापलेलं, आणि तिन्ही न फोडलेली. त्यांचा एकुलता मुलगा दिमोनाला होता. त्याची पत्रं आळीतले एक मास्तर वाचून दाखवत, पण ते मास्तरच आदल्या वर्षी इस्राएलला गेले. "मग टपालवाल्याकडून का नाही वाचून घेतलीत?" मी विचारलं. म्हणाल्या, "घरचं बोलणं त्याच्या तोंडून कशाला ऐकायचं? तू आपली आहेस."

मी सुरीने एक एक पत्र उलगडलं. मुलगा जसा बोलत असेल तसाच लिहीत होता. कुठे पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कापडाच्या गिरणीत काम मिळालंय. इथे पाऊस जवळजवळ नाहीच, चहूकडे वाळवंट. थंडीत मात्र हाडं गोठतात. नारळ मिळत नाही, आमटीला चव येत नाही. बायआजी डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच हसत, मधेच "पुन्हा वाच" म्हणत.

तिसऱ्या पत्रात होतं, 'मला दोन खोल्यांचं घर मिळालं वाडी विकून टाक आणि इकडे ये'. हे वाचल्यावर बायआजींनी डोळे उघडले. "वाडी विकू? मग तो आल्यावर राहील कुठे?" एरोग्रामचा शेवटचा मजकूर दुमडायच्या पट्टीवर असतो, तुम्हा मुलांना ते माहीत नसेल. त्या पट्टीवर एक ओळ होती, 'माझी वाट बघू नको मी आता परत यायचा नाही'. मी बायआजींच्या तोंडाकडे बघितलं आणि ती ओळ गाळली. सरळ त्याचं नाव वाचलं आणि पत्राची घडी केली.

मला वाटलं, मी पुण्याचं काम केलं.

मग उत्तर लिहायला बसलो. बायआजी सांगत होत्या, "त्याला लिही, दारचा आंबा यंदा नुसता लगडलाय, पोरं दगड मारून पाडतात, मी ओरडत नाही, म्हटलं कुणाच्या तरी तोंडी लागतोय. लिही, रात्री दार वाजलं की अजून तूच वाटतोस." मी इंटर आर्ट्सची विद्यार्थिनी! मी लिहिलं, 'येथे सर्व क्षेम आहे. यंदा आंब्याचे पीक समाधानकारक आहे. तुझी आठवण होते.' अक्षर मोत्यासारखं, शुद्धलेखनाची एक चूक नाही. बायआजींनी पत्र हातात घेऊन कौतुकाने बघितलं आणि म्हणाल्या, "कसं छापल्यासारखं लिहिलंस!"

बातमी आळीत पसरली. रोज दुपारी कुणी ना कुणी पत्र घेऊन येऊ लागलं. एकीच्या मुलीने रमलेहून बाळाचा फोटो पाठवला होता, एकीचा भाऊ अश्दोदला बंदरात लागला होता. एक आगरी बाईही आली, तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता. मला गंमत वाटू लागली. कॉलेजात मला कोण विचारत होतं? इथे मी मोठी विद्वान होते.

मे महिना निम्मा सरला असेल. एक दिवस समोरून मोठ्याने बोलणं ऐकू आलं. चौलचा एक गृहस्थ बायआजींची वाडी विकत घ्यायला आला होता. किंमत बरी देत होता, आजीही तेच म्हणत होती. बायआजींनी त्याला ओटीवरूनच वाटेला लावलं. "माझा मुलगा नव्याच्या सणाला येणार आहे. त्याची वाडी मी विकायची?" दुसऱ्या दिवशी नवी कौलं आणायला गडी पाठवला. गाठीला होते ते पैसे मुलगा येईल म्हणून घरावर घातले.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी रातांबे फोडताना मी आजीला सगळं सांगितलं. तिने हात थांबवले.

"परक्याचं पत्र म्हणजे परक्याची ठेव, गो. तू त्यातलं काढून घेतलंस."

"मी त्यांच्या भल्यासाठीच केलं."

"तिचं भलं ती बघेल. तुझं काम वाचायचं."

हात धुऊन मी समोर गेले. बायआजींना म्हटलं, "ते तिसरं पत्र काढा. मी एक ओळ वाचली नव्हती." आणि वाचली. त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुठे लिहिलंय?" मी दाखवलं. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत फिरवलं. "एवढंसंच आहे की," म्हणाल्या, आणि कळशी घेऊन विहिरीवर गेल्या.

दोन दिवस त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी आल्या. हातात डबा नव्हता, पाटी होती. मुलाची शाळेतली, एक कोपरा फुटलेली. म्हणाल्या, "वाचताना तू गाळलंस. मग लिहिताना काय काय गाळलंस, ते मला कसं कळायचं? मला शिकव."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण गाळलं तर होतंच. आंबा गाळला होता, दगड मारणारी पोरं गाळली होती, रात्री वाजणारं दार गाळलं होतं. त्यांना मी तेही सांगून टाकलं. त्यांनी फक्त मान हलवली आणि पाटी पुढे केली.

सत्तरीच्या घरातली बाई पंधरा दिवसांत वाचायला शिकली, असं मी सांगणार नाही. तसं झालं नाही. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आणि पेन्सिल धरली की बोटं थरथरत. दहा-बारा अक्षरं ओळखू लागल्या एवढंच. पण रोज दुपारी येत राहिल्या. दुसरं पत्र आम्ही लिहिलं ते मात्र त्यांच्या शब्दांत. त्या एक वाक्य बोलायच्या, मी लिहायची, मग तेच वाचून दाखवायची, मगच पुढचं. आंबा, पोरं, दार, सगळं त्यात होतं. वाडीचं मात्र काहीच नव्हतं. मी विचारलं, "वाडीबद्दल काय लिहू?" म्हणाल्या, "शेवटची ओळ माझी मी लिहीन."

पाटीवर दोन दिवस गिरवून त्यांनी त्या पट्टीवर एकच शब्द लिहिला. दोन अक्षरं, मात्रा वाकड्या, एक अक्षर मोठं आणि एक लहान: 'येते'.

पाऊस जवळ आला होता. एकदा समुद्र खवळला की लाँच बंद, म्हणून मी मेअखेरीस निघाले. एस.टी.त चढताना मीही दोघी आज्यांना म्हणाले, "येते." आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत.

बायआजी इस्राएलला आल्या नाहीत. वाडीही विकली नाही. पुढच्या वर्षीच्या पावसात, त्याच नव्या कौलांखाली त्या गेल्या. आमचं कुटुंब 1972 मध्ये इथे आलं, आणि काही महिन्यांनी मी दिमोनाला त्यांच्या मुलाला भेटायला गेले. त्याने आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातून ते एरोग्राम काढलं. आईसाठी त्याने दुसरी खोली मोकळी करून ठेवली होती. त्याने मला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत ना? मग सांगा, ती येणार होती, की माझा निरोप घेत होती?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. मी एवढंच म्हणाले, "वरचं मी लिहिलं. ते एक तुमच्या आईचं अक्षर आहे." त्याने त्या शब्दावरून बोट फिरवलं, अगदी त्याच्या आईने फिरवलं होतं तसं.

पुढे मी आयुष्यभर मुलांना शिकवलं. पण पत्र वाचावं कसं आणि लिहावं कसं, हे मी कॉलेजात शिकले नाही. ते त्या सुट्टीत शिकले, एका म्हाताऱ्या बाईचं नुकसान करून.

आता मुलांनो, एक काम देते. तुमच्या आजी-आजोबांच्या कपाटात, एखाद्या पेटीत, असली निळी एरोग्रामं नक्की असतील. सुट्टी आहे, ती काढा. अक्षर लागलं नाही तर वर्गात घेऊन या, आपण मिळून लावू. शुद्धलेखन सुधारू नका. आणि एकही ओळ गाळू नका, वाचताना जड गेली तरी.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती, मुलं मागतील तेव्हा "त्यात काय आहे बघण्यासारखं" असं म्हणू नका. डबा उघडून द्या. आपल्यातल्या पुष्कळ जणांची पत्रं दुसऱ्या कुणी तरी वाचली, दुसऱ्या कुणी तरी लिहिली. त्यात कुणी काय गाळलं, ते आपल्याला आता कळायचं नाही. पण जे लिहिलेलं उरलंय, ते तरी आपल्या घरातल्या पोरांना आपल्या डोळ्यांनी वाचता यावं.

सुट्टीत काही घडत नाही, असं लिहिणाऱ्या त्या मुलीने परवा मला फोन केला. तिच्या आजीच्या पेटीत अकरा पत्रं सापडली आहेत. पुढच्या वर्गाला ती घेऊन येणार आहे.